लावलेली सावली

डोक्यावर टोपी घ्या. तिजुकाच्या रानातून चालायचं म्हणून सावलीची आशा धरली असेल, तर ती सोडा. साल 1862, महिना जानेवारी. विषुववृत्ताच्या दक्षिणेला हा ऐन उन्हाळा, आणि पावसाळाही हाच. खाली समुद्राकाठी रिओ दि जानेरो शहर घामानं निथळतंय. तुम्ही घाट चढून आल्तो दा बोआ व्हिस्ताला पोहोचता, पायवाटेला लागता, आणि समोर उघडाबोडका उतार.

हा डोंगर कॉफीनं खाल्ला. पूर्वी इथे घनदाट जंगल होतं. मळेवाल्यांनी ते तोडलं, जाळलं, आणि उताराला उभ्या ओळी धरून कॉफी लावली. उभ्या! उतारावर उभी ओळ धरली की पावसात माती कुठे जाते, ते कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. जरा वाकून बघा: झुडपाची मुळं उघडी पडलीत, बोटानं ढकललं तरी खोड हलतं. मधल्या घळीत लाल चिखल. पाय घसरला तर धरायला फांदी नाही.

जमिनीचा कस गेला, मळे ओस पडले, मागे राहिले आटलेले झरे. शहराला प्यायचं पाणी पुरेना, तेव्हा कुठे दरबाराला जाग आली. सम्राट दुसरे पेद्रो यांच्या सरकारनं डोंगरातल्या जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि मेजर मानुएल गोमेस आर्चर यांच्यावर काम सोपवलं: इथे पुन्हा जंगल उभं करा.

कुदळींचा आवाज येतोय ना? वळणापलीकडे एलेउतेरिओ, कॉन्स्तान्तिनो, मानुएल, मातेउस, लिओपोल्दो आणि मारिया खड्डे खणतायत. आडनावं विचारू नका. यांच्या मागे पहिलं नावच तेवढं उरणार आहे. हे मजुरीवर आलेले नाहीत, गुलाम आहेत. रोपं येतात आसपासच्या शाबूत जंगलातून आणि मेजरांच्या ग्वारातिबाच्या मळ्यातून. तुमच्या पायाशी नुकतंच लावलेलं एक रोप आहे, गुडघ्याला लागेल न लागेल एवढं. त्याच्या सावलीत फार तर मुंगी बसेल. ऊन मात्र तुमच्या मानेवर आहे आणि त्या सहांच्या पाठीवर. तुम्ही निदान बाटलीतलं पाणी पिऊन पुढे निघू शकता.

1874 पर्यंत इथे लाखाच्या घरात झाडं लागली. श्रेय मेजरांच्या खात्यावर जमा झालं. ब्राझीलमधली गुलामी कायद्यानं संपली 1888 साली. तोवर यातली पहिली झाडं पंचविशीत आली होती.

आता पाण्याकडे चला. धबधबा कातळावरून तीस-पस्तीस मीटर खाली येतो. याला ताउने यांचं नाव आहे. हवं तर अजून थोडं मागे, 1817 च्या सुमारास जाऊन त्यांना गाठा: निकोला-आंत्वान ताउने, फ्रेंच चित्रकार, 1816 साली कलावंतांच्या जथ्याबरोबर रिओला आले, आणि गावातल्या उकाड्याला, दरबारी हेव्यादाव्यांना कंटाळलेला माणूस करील तेच त्यांनी केलं, धबधब्याजवळ घर बांधलं. 1821 मध्ये परतही गेले. चार-पाच वर्षं राहिले, नाव कायमचं लागलं. नावं कोणाची लागतात याचा हिशेब इथे मांडायला बसलात तर अंधार पडेल.

तुषारांनी चष्मा भिजतो. पुसून वर बघा: आभाळ दिसत नाही. झाडांवर झाडं, त्यांवर वेली, वेलींवर शेवाळ. हा आजचा तिजुका, 1961 पासून राष्ट्रीय उद्यान. शंभराहून अधिक वर्षं इथून नाहीशी झालेली हाउलर (मोठ्यानं ओरडणारी) माकडं 2015 मध्ये पुन्हा आणून सोडली. आणि तो ओळखीचा वास? हो, फणसच. पोर्तुगीज गलबतांनी हिंदुस्थानातून ब्राझीलला नेलेला. इथे तो इतका माजलाय की वनरक्षणवाले बुंध्याची साल गोल कापून झाड उभ्या-उभ्या वाळवतात. भरल्या फणसाची ही गत बघून कोकणी माणसाचा जीव तुटणारच. पण त्याच झाडाखाली एकदा नीट बघा. आठळ्यांतून दाटीवाटीनं उगवलेली रोपं, सगळी फणसाचीच. इथल्या मूळच्या झाडाचं एखादं रोप शोधायला बराच वेळ लागतो.