बडोद्याचे राजेशाही सलून परळचे

नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात बडोद्याच्या गायकवाड महाराजांचे सलून जतन करण्यात आले आहे. सलून म्हणजे निजण्याची, बैठकीची व स्नानाची सोय असलेला खास डबा (केशकर्तनालयाशी त्याचा संबंध नाही!). हा डबा १८८६ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या परळ येथील कारखान्यात तयार झाला. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर महाराज सयाजीराव तिसरे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ मध्ये जन्मलेल्या सयाजीरावांना १८७५ मध्ये दत्तक घेण्यात आले होते.

रेल्वे बडोद्याला नवी नव्हती. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत, १८६२ मध्ये, डभोई-मियागाव मार्गावर अरुंद रुळांवरून बैल गाड्या ओढत असत! बैलांच्या रेल्वेपासून राजेशाही सलूनपर्यंतचा हा प्रवास जेमतेम चोवीस वर्षांचा.

संग्रहालय १९७७ मध्ये सुरू झाले. तेथेच म्हैसूरच्या महाराजांचे १८९९ चे सलूनही आहे. हस्तिदंत व सोन्याच्या कलाकुसरीमुळे पाहुण्यांची गर्दी बहुधा त्याच्याभोवती जमते. मुंबईच्या कारागिरांनी घडविलेल्या बडोद्याच्या डब्याकडे मराठी पर्यटकांनी तरी आवर्जून वळावे. ऊन, दमट हवा आणि वाळवी हे लाकडी डब्यांचे जुने शत्रू असल्याने त्यांची निगा सतत राखावी लागते.