सरकारी वकील : एका कारकिर्दीचा बोध

गुन्ह्याचा घाव एका घरावर पडतो; पण फौजदारी खटल्यात ते गाऱ्हाणे साऱ्या समाजाचे होते. म्हणूनच ते मांडण्याचा भार सरकारी वकिलावर असतो. जुन्नर वा घोडेगाव येथील न्यायालयाची पायरी ज्यांस चढावी लागली, त्यांस ह्या पदाचे महत्त्व निराळे सांगणे नलगे.

पूर्वी खालच्या न्यायालयांत बहुधा पोलीस अधिकारीच खटले चालवीत. तपास करणारा व बाजू मांडणारा एकाच खात्याचा असणे न्यायास पोषक नव्हे, हे ओळखून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती कामे वेगळी केली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा नव्या नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तत्त्व मात्र तेच राहिले.

ह्या पदास घरोघर ओळख मिळवून दिली ती जळगावचे श्री. उज्ज्वल निकम यांनी. जिल्हा न्यायालयात उमेदवारी केलेल्या ह्या वकिलाकडे १२ मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांचा खटला आला. त्या दिवशी २५७ माणसे प्राणांस मुकली होती. खटला २००७ पर्यंत चालला. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ सुटले. पुढे २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात कसाबला ६ मे २०१० रोजी देहदंड सुनावला गेला व २१ नोव्हेंबर २०१२ रोजी आपल्या पुण्याच्या येरवडा कारागृहात तो अमलात आला. त्याच खटल्यातील दोन सहआरोपी मात्र पुराव्याअभावी निर्दोष सुटले. २०१६ साली निकमांस पद्मश्री मिळाली. २०२५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली.

कसाबने बिर्याणी मागितल्याची गोष्ट आपणच रचली होती, असे त्यांनी २०१५ साली स्वतः सांगितले. लोकभावना आवरण्याचा त्यांचा हेतू असेल. तथापि सरकारी वकिलाचे बळ सत्यातच असते, असे आम्हांस नम्रपणे वाटते. आरोपीस शिक्षा व्हावी एवढेच त्याचे कर्तव्य नव्हे. निरपराध्यास शिक्षा होऊ नये, हेही त्याचेच कर्तव्य होय.

गावी गंभीर गुन्हा घडला की ‘मोठा वकील द्या’ अशी मागणी उठते. ती स्वाभाविक आहे. परंतु वेळीच दिलेली फिर्याद, जपलेला पुरावा आणि भाऊबंदकीच्या दडपणाखाली न फिरणारा साक्षीदार नसेल, तर निष्णात वकीलही काय करणार? ज्ञातीतील तरुणांनी कायदा अवश्य शिकावा. वडीलधाऱ्यांनी निदान खरी साक्ष देण्याचे धैर्य दाखवावे, हीच आमची विनंती.