आकाशातून दिसलेली तोड

जंगल तुटलं किंवा डोंगर पोखरला, की गावातल्या बायांना ते लवकर कळतं. सरपणाची वाट लांबते, झरा लवकर आटतो. पण “इथं दाट रान होतं हो” असं म्हटलं, की समोरून प्रश्न येतो, पुरावा काय? हा पुरावा आकाशातून कसा मिळू लागला, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. त्याच्या मुळाशी एक बाई आहे.

वर्जिनिया नॉरवुड यांचा जन्म १९२७ चा, अमेरिकेतला. १९४७ साली त्या एमआयटी या नामांकित संस्थेतून पदवीधर झाल्या, पण नोकरी मिळेना. एका ठिकाणी तर “गरोदर राहणार नाही” असं वचन मागितलं. त्यांनी तो अर्जच मागं घेतला. काही काळ त्यांनी दुकानात ब्लाउज विकले. पुढं रडारच्या कामात त्यांनी नाव काढलं आणि ह्यूज एअरक्राफ्ट कंपनीत त्या रुजू झाल्या.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेनं पृथ्वीची जमीन न्याहाळणारा उपग्रह सोडायचं ठरवलं. त्यावर मुख्य मान होता टीव्हीच्या तंत्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना. नॉरवुड यांनी आखलेलं यंत्र दुय्यम समजलं गेलं. त्यात एक आरसा सेकंदाला १३ वेळा हलायचा आणि खालची जमीन पट्ट्यापट्ट्यानं टिपायचा. हलता आरसा आकाशात टिकेल का, अशी अनेकांना शंका होती. २३ जुलै १९७२ रोजी हा उपग्रह उडाला. त्यालाच आज लँडसॅट-१ म्हणतात. थोड्याच दिवसांत विजेच्या बिघाडामुळं ते मुख्य कॅमेरे बंद करावे लागले. दुय्यम यंत्राची चित्रं मात्र इतकी चांगली निघाली, की सारी भिस्त त्यावरच आली.

तुम्ही विचाराल, या चित्रातून तोड कशी कळते? हे यंत्र हिरवा आणि तांबडा प्रकाश टिपायचं, शिवाय डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही. हिरवं पान हे अवरक्त किरण भरपूर परतवतं. झाड तुटलं, माती उघडी पडली, की ते परतणं घटतं. उपग्रह दर १८ दिवसांनी त्याच जागेवर यायचा. म्हणजे जुनं चित्र आणि नवं चित्र शेजारी ठेवलं, की कुठं काय बदललं ते दिसायचं. एकट्या चित्राला फार किंमत नाही, जपून ठेवलेल्या जुन्या चित्रामुळं ते बोलतं.

याचा मोठा उपयोग झाला ब्राझीलमध्ये. रोंडोनिया राज्यात ॲमेझॉनच्या जंगलातून रस्ते निघाले आणि दोन्ही बाजूंनी तोड आत घुसली. वरून ती माशाच्या काट्यासारखी दिसते. १९८८ पासून तिथली ‘इन्पे’ ही सरकारी अवकाश संस्था दरवर्षी तोडीचा हिशेब मांडते. २००४ साली सुमारे २७,७०० चौरस किलोमीटर जंगल गेलं. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे मिळूनही याहून लहान आहेत! त्याच वर्षी तोड सुरू असतानाच इशारा देणारी व्यवस्था उभी राहिली. तिच्या जोडीला गस्त आली, कायदा आला. २०१२ साली आकडा सुमारे ४,६०० वर उतरला.

पण चित्रं कोणाच्या हातात आहेत, हाही प्रश्न असतोच. १९८० च्या दशकात लँडसॅटची विक्री खासगी कंपनीकडं गेली, तेव्हा एकेका चित्राला ४,००० डॉलरहून जास्त मोजावे लागायचे. २००८ पासून ती सर्वांना फुकट मिळू लागली. ब्राझीलचे आकडेही लोकांसमोर उघडे असतात. म्हणूनच २०१९ साली राष्ट्राध्यक्षांनी ते खोटे ठरवले आणि इन्पेचे प्रमुख रिकार्दो गाल्व्हाओ यांना पद सोडावं लागलं, तरी आकडे झाकता आले नाहीत. त्याच वर्षीच्या हिशेबात तोड दहा वर्षांहून अधिक काळातली सर्वांत मोठी निघाली.

तरी या डोळ्यालाही मर्यादा आहेत. नॉरवुड यांच्या यंत्राच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे साधारण दीड एकर जमीन. त्याहून लहान तोड त्याला नीट कळत नसे. आजचे उपग्रह बरंच बारीक पाहतात, पण झाडं गेली एवढंच ते सांगतात. कोणी तोडली, का तोडली, त्या रानावर कोणाची चूल पेटत होती, हे त्यांना दिसत नाही. ते तिथं राहणाऱ्यांनीच सांगायचं असतं.

नॉरवुड २०२३ साली, ९६ व्या वर्षी वारल्या. त्यांना ‘लँडसॅटची आई’ म्हणत. १९७२ पासूनची चित्रं आज कोणालाही पाहता येतात. मैत्रिणींनो, आपल्या डोंगराचं, आपल्या नदीचं जुनं रूपही त्यांत आहे. शाळेतल्या मुलांना सांगा, संगणकावर शोधून दाखवतील. मग “पुरावा काय?” असं कोणी विचारलं, तर आपलं सांगणं आणि ते चित्र, दोन्ही सोबत ठेवा.