काचेवरची आडनावं

ग्रंथालय आणि सोशल वेब हे दोन शब्द एकत्र आले की डोळ्यासमोर काय येतं? वाचनालयाचं एक फेसबुक पान, त्यावर 'नवीन पुस्तके दाखल' असा फोटो आणि खाली तीन लाईक. त्यातले दोन कर्मचाऱ्यांचेच! म्हणजे नोटीस बोर्डच, फक्त भिंतीवरून काढून इंटरनेटवर टांगलेला. २००५ साली मायकेल केसी यांनी 'लायब्ररी २.०' हा शब्द रूढ केला तेव्हा अपेक्षा जरा मोठी होती. वाचक नुसता घेणारा राहणार नाही, त्याच्याकडून ग्रंथालयाकडेही काहीतरी येईल, अशी. बहुतेक ठिकाणी ते बोलण्यातच राहिलं. पण २००८ साली एका ठिकाणी ते खरोखर घडलं, आणि गंमत म्हणजे ते ठिकाण होतं वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस. जगभरच्या ग्रंथालयांना विषयवार मथळ्यांची शिस्त लावणारी, १८९८ पासून ती यादी राखणारी संस्था. अशा ठिकाणी कुणीही यावं आणि फोटोखाली काहीही लिहावं?

त्यासाठी आधी जॉर्ज ग्रँथम बेन या माणसाची गोष्ट सांगायला हवी. याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रांना फोटो पुरवणारी एजन्सी काढली. बेसबॉलचे खेळाडू, पुढारी, संप, मिरवणुका, खटले, जे बातमीत असेल ते. फोटो काचेच्या निगेटिव्हवर, आणि ओळख पटावी म्हणून त्याच काचेवर खरडलेले दोन-चार शब्द. बऱ्याचदा नुसतं आडनाव. त्या दिवशी तेवढं पुरेसं होतं, कारण आदल्या दिवसाचा पेपर सगळ्यांनीच वाचलेला असायचा. (आपण कोडमध्ये 'तात्पुरता बदल, नंतर काढणे' अशी कमेंट टाकून पुढे जातो ना, तसंच. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, 'नंतर' म्हणजे कधी.) १९४८ साली हा संग्रह लायब्ररीने विकत घेतला. सुमारे चाळीस हजार काचा! आणि ती आडनावं कुणाची हे सांगणारी माणसं एव्हाना संपत आलेली.

लायब्ररीकडे चित्रं आणि फोटो मिळून जवळपास दीड कोटीच्या घरात. प्रत्येकाचा शोध घ्यायचा म्हटलं तर कितीही माणसं ठेवली तरी पुरी पडणार नाहीत.

तेव्हा १६ जानेवारी २००८ रोजी लायब्ररीने फ्लिकरवर साधारण ३,१०० फोटो टाकले. अर्धे बेनच्या संग्रहातले, अर्धे १९३९ ते १९४४ दरम्यान अमेरिकन सरकारसाठी काढलेले रंगीत फोटो. या उपक्रमाचं नाव 'द कॉमन्स'. फ्लिकरच्या बाजूने ते जॉर्ज ओट्स या डिझायनर बाईंनी उभं केलं. सगळ्यात अवघड भाग तांत्रिक नव्हताच, कायद्याचा होता. फ्लिकरवर फोटो चढवताना हक्क कोणाचे ते निवडावं लागतं, आणि लायब्ररीला 'हक्क आमचे' असं खोटं म्हणायचं नव्हतं, 'हक्क कोणाचेच नाहीत' अशी हमीही द्यायची नव्हती. म्हणून एक नवीनच पर्याय तयार केला: 'कॉपीराइटची ज्ञात बंधने नाहीत'. वकिली भाषा, पण प्रामाणिक. पुढे शंभराहून जास्त संस्था कॉमन्समध्ये आल्या, त्या याच वाक्याच्या आधारावर.

मग काय झालं? ऑक्टोबर २००८ मध्ये लायब्ररीने स्वतःच अहवाल काढला. तोवर फोटोंची संख्या ४,६१५ झाली होती. ते एक कोटीहून जास्त वेळा पाहिले गेले, ६७,१७६ टॅग पडले, ७,१६६ कमेंट आल्या. आणि अभद्र म्हणून काढून टाकावा लागलेला मजकूर? पंचवीस नोंदींपेक्षाही कमी. ज्यांनी कुठल्याही बातमीखालच्या प्रतिक्रिया वाचल्या आहेत त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

टॅगांचं म्हणाल तर माझं मत जरा वेगळं आहे. त्या काळात टॅगिंगचं फार कौतुक होतं. लोक आपलं वर्गीकरण आपणच करतील, आता कॅटलॉग करणाऱ्यांची गरज काय, असा सूर होता. प्रत्यक्षात पुष्कळसे टॅग लायब्ररीने दिलेल्या वर्णनातलेच शब्द सुटे करून लावलेले. बाकीचे 'वा', 'सुंदर' अशा जातीचे. शोधायला उपयोगी, पण नवीन माहिती त्यात थोडी. सोनं होतं ते कमेंटमध्ये. तेही सगळ्यांनी मिळून काढलेलं नाही. वीसेक माणसं अशी निघाली की ती जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रह, जनगणनेच्या याद्या, नकाशे उपसून एकेका आडनावामागचा माणूस शोधत बसायची. पैसे नाहीत, नोकरी नाही, फक्त 'सापडला!' एवढाच आनंद. 'क्राउड' वगैरे आपण म्हणतो खरं, पण गर्दीचं काम एवढंच की त्यातून ही वीस माणसं सापडली.

रंगीत फोटोंमध्ये १९४३ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे. टेनेसीतल्या नॅशविलच्या कारखान्यात 'व्हेंजन्स' डाइव्ह बॉम्बरवर ड्रिल चालवणारी एक तरुणी, डोक्याला रुमाल, नजर कामावर. व्हेंजन्स जातीची विमानं पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी उडवली. एका फोटोचे धागे कुठे कुठे जातात, आणि ते सगळे एकाच कॅटलॉग करणाऱ्याला ठाऊक असतील ही अपेक्षाच चुकीची.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. लायब्ररीने कमेंट थेट कॅटलॉगात ओतल्या नाहीत. कर्मचारी त्या वाचायचे, पुरावा तपासायचे, आणि पटलं तरच मूळ नोंद दुरुस्त करायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर, कुणीही पॅच पाठवा, पण मर्ज करण्याचा हक्क आमचा. पहिल्या नऊ-दहा महिन्यांतच ५०० हून जास्त नोंदी अशा सुधारल्या गेल्या. आणि त्या नोंदींत चक्क लिहिलं गेलं की ही माहिती फ्लिकर कॉमन्स प्रकल्पातून आली, २००८. त्या संस्थेच्या कॅटलॉगात असा उल्लेख येणं ही लहान गोष्ट नाही.

याच लायब्ररीने दोन वर्षांनी दुसरं टोक गाठलं. एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलं की २००६ पासूनचे सगळे सार्वजनिक ट्वीट आम्ही जतन करणार. सगळे! जानेवारी २०१३ पर्यंत १७० अब्ज ट्वीट जमले होते, आणि फक्त २००६ ते २०१० च्या भागात एक शोध घ्यायचा तर २४ तास लागू शकत होते. (इंडेक्स नसलेल्या टेबलावर क्वेरी मारून घरी निघून जाणाऱ्यांना हे दुःख कळेल.) शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की १ जानेवारी २०१८ पासून निवडकच घेऊ. तोवर एकाही वाचकाला तो संग्रह उघडून मिळालेला नव्हता. तिकडे सगळं घेतलं आणि वाचणारं कुणी नाही. इकडे चार-साडेचार हजार फोटो, पण प्रत्येक कमेंट वाचणारा माणूस बसलेला.

फ्लिकरचं काय झालं? ओट्सबाईंना डिसेंबर २००८ मध्ये याहूने कपातीत घरी पाठवलं. कॉमन्सला वर्षही झालं नव्हतं. नंतर कंपनीच व्हेरायझनकडे गेली, तिथून एप्रिल २०१८ मध्ये स्मगमगकडे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुकट खात्यांना १,००० फोटोंची मर्यादा जाहीर झाली तेव्हा भल्याभल्यांची धांदल उडाली. कॉमन्सच्या फोटोंना त्यातून वगळलं, हे स्मगमगचं चांगलं केलं म्हणायचं. नसतं वगळलं तरी काचा लायब्ररीच्या कपाटात होत्या, स्कॅन तिच्या सर्व्हरवर, आणि पटलेले खुलासे तिच्या कॅटलॉगात.

न पटलेल्या, किंवा पुराव्याचा प्रश्नच नसलेल्या कमेंट मात्र तिथे नाहीत. आमची आजी अशाच कारखान्यात होती, या गल्लीत आम्ही राहायचो, अशा आठवणींना कॅटलॉगात रकानाच नाही. त्या अजून फ्लिकरवरच आहेत, फोटोंच्या खाली.