वीज तोडण्याआधीचे पंधरा दिवस

१/८ मार्च महिन्यात भंडारा जिल्ह्यातील उन्हाळी धानाच्या बांध्यांना पाण्याची गरज असते. अशा वेळी कृषिपंपाची वीज तुटली, तर थकबाकीचा प्रश्न थेट पिकाचा प्रश्न होतो. वीज तोडण्याच्या अधिकाराला कायद्याने मुदतीचे कुंपण कसे घातले, त्याचा हा मागोवा. #थ्रेड

२/८ भंडारा मध्य प्रांतात असताना ‘भारतीय वीज अधिनियम, १९१०’ आला. कलम २४ नुसार देयक थकल्यास पुरवठा तोडता येई. मात्र त्याआधी पूर्ण ७ दिवसांची लेखी नोटीस बंधनकारक होती.

३/८ ‘पूर्ण दिवस’ हे शब्द महत्त्वाचे. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि वीज तोडण्याचा दिवस यांत धरले जात नाहीत. शिवाय वाद विद्युत निरीक्षकाकडे गेला असल्यास त्याच्या निर्णयापर्यंत पुरवठा तोडण्यास सर्वसाधारणपणे मनाई होती.

४/८ १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. राज्ये बदलली, पुरवठादार बदलले. सात दिवसांची अट मात्र कायम राहिली.

५/८ १० जून २००३ रोजी ‘विद्युत अधिनियम, २००३’ अंमलात आला. त्याच्या कलम ५६ ने ही मुदत पूर्ण १५ दिवसांवर नेली. नोटीस लेखीच हवी. वीजचोरीच्या प्रकरणांना मात्र हे संरक्षण नाही. तेथे पुरवठा तत्काळ तोडता येतो.

६/८ देयकच चुकीचे वाटत असेल तर? मागितलेली रक्कम, किंवा मागील ६ महिन्यांच्या सरासरीने दरमहा होणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती ग्राहकाने निषेध नोंदवून भरावी. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

७/८ जुन्या थकबाकीलाही मर्यादा आहे. रक्कम प्रथम देय झाल्यापासून २ वर्षे उलटली आणि ती देयकांत सातत्याने थकबाकी म्हणून दाखवली नसेल, तर तिच्यासाठी पुरवठा तोडता येत नाही.

८/८ १५ मार्च २०२२ रोजी तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी कृषिपंपांची वीजतोडणी ३ महिने थांबवण्याची घोषणा विधानसभेत केली. उभ्या पिकाला तेव्हा दिलासा मिळाला. पण अशी स्थगिती सरकारच्या इच्छेवर येते आणि मुदत संपताच जाते. कलम ५६ चे पंधरा दिवस मात्र ग्राहकाच्या हक्काचे आहेत. म्हणूनच हाती आलेल्या नोटिशीवरची तारीख आधी वाचावी.