बोटे, काटा आणि सभ्यता

हाताने जेवणे म्हणजे मागासलेपण आणि काट्या-चमच्याने जेवणे म्हणजे सुधारणा, अशी एक समजूत इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे आली आणि इंग्रज गेल्यावरही मुक्कामाला राहिली. हॉटेलात बोटांनी भात कालवणाऱ्या आजीकडे पाहून नातवंडे ओशाळतात, ती याच समजुतीपायी. म्हणून ज्या युरोपातून हा काटा आपल्याकडे आला, तिथे तो स्वतः किती उशिरा आणि किती टोमणे खात रुळला, ते एकदा पाहायला हवे.

अकराव्या शतकात बायझंटाइन राजघराण्यातील एक कन्या व्हेनिसच्या डोजच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधीशाच्या, घरात लग्न होऊन आली. ती अन्नाला बोट लावत नसे. सेवक घासाएवढे तुकडे करून देत आणि ते ती दोन दातांच्या सोन्याच्या काट्याने तोंडात घाली. पीटर डॅमियन या धर्मोपदेशकाला हे इतके खटकले, की पुढे ती दुर्धर रोगाने खंगून मेली तेव्हा असल्या चोचल्यांचीच ही ईश्वरी शिक्षा, असे त्याने लिहून ठेवले. देवाने बोटे दिली असताना धातूची बोटे कशाला, असा एकंदर रोख!

पुढची काही शतके युरोप सुरी आणि बोटे यांवरच जेवत होता. इरॅस्मस या डच पंडिताने १५३० साली मुलांना रीतभात शिकवणारे एक छोटे लॅटिन पुस्तक लिहिले. त्यात काट्याने जेवण्याचा धडा नाही. ताटात सगळा पंजा बुडवू नये, तीन बोटांनी घ्यावे, तेलकट बोटे चाटू नयेत, अंगरख्याला पुसू नयेत, असा उपदेश आहे. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनीही यात फारसे काही बदलले नसते.

काट्याची वकिली करणारा इंग्रज म्हणजे थॉमस कोरियट. १६०८ मध्ये तो युरोपात बरेचसे पायीच हिंडला आणि १६११ मध्ये त्याने प्रवासवर्णन छापले. इटालियन लोक मांस कापताना काटा वापरतात, कारण सर्वांची बोटे सारखीच स्वच्छ नसतात, असे त्याने नोंदवले. मायदेशी परतल्यावर तो स्वतः काटा वापरू लागला, तेव्हा एका मित्राने त्याला ‘फुर्किफेर’ ही पदवी बहाल केली. या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ काटा वाहणारा, पण रूढ अर्थ फासावर चढवण्याच्या लायकीचा बदमाश! हाच कोरियट पुढे पायी हिंदुस्थानात आला, १६१५ मध्ये अजमेरला जहांगीराच्या मुक्कामी पोहोचला आणि १६१७ च्या डिसेंबरात सुरतेला वारला.

त्याच काळात इंग्रज वकील टॉमस रो याला आसफखानाने मेजवानी दिली. रोचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने तिचे वर्णन केले आहे. जमिनीवर गालिचे, त्यावर पांढरीशुभ्र चादर. यजमानापुढे साठ पदार्थ, वकिलापुढे दहा अधिक आणि टेरीपुढे दहा कमी, म्हणजे तब्बल पन्नास. त्याची कुरकुर फार वेळ मांडी घालून बसावे लागल्याची! फ्रान्सचा चौदावा लुई तर हयातभर बोटांनीच जेवला. त्याच्या नातवंडांना काटा शिकवला होता, पण राजाच्या पंक्तीला तो वापरायची त्यांना मनाई होती. १६६९ मध्ये त्याने टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, आणि जेवणाची सुरी गोल टोकाची झाली.

पूर्वेकडेही नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. चिनी लोक आज काड्यांनी जेवतात. पण त्यांच्या ‘ली जी’ या प्राचीन आचारग्रंथात एकत्र जेवताना भाताचा गोळा वळू नये, असा नियम आहे, म्हणजे तेव्हा तेही हातानेच भात खात होते. जपानात वाटी उचलून तोंडाशी नेणे शिष्टसंमत, तर शेजारच्या कोरियात ती खालीच ठेवायची. जपानी माणूस एका काडीजोडीतून दुसऱ्या काडीजोडीत घास देत नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. इथियोपियात मात्र स्वतःच्या हाताने दुसऱ्याला घास भरवणे हाच मोठा सन्मान.

यातून एक गोष्ट उमगते. कोरियटच्या काट्यामागे समाईक ताटाचा प्रश्न होता. अनेकांचे हात एकाच थाळीत पडत, म्हणून दुसऱ्याच्या बोटांची भीती. आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटला होता. ज्याचे त्याचे पान वेगळे, जेवणाचा हात उजवा, वाढणाऱ्याने पळीने वरून वाढायचे आणि उष्टे, खरकटे यांचे नेम घरातल्या पोरासोरांनाही पाठ. हात धुऊन, बोटांची पेरेच भिजतील इतक्या बेताने जेवणाऱ्या माणसाला काट्याची उणीव भासली नाही, यात अडाणीपणा कुठला?

पण आपलीही पाठ थोपटून घ्यायला नको. उष्ट्याचा नेम स्वच्छतेपाशी थांबला नाही. तो माणसांपर्यंत गेला आणि पंक्तिभेद झाला. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. चहा कसा प्यायला हा प्रश्नच नव्हता, तो कोणाकडे प्यायला हा होता. तिकडे काट्यानेही पुढे तेच काम केले. कोणता काटा कोणत्या पदार्थाला, हे न कळणारा माणूस हलका ठरू लागला.

सीमेवरच्या आपल्या घरांना शेजारच्या पंक्तीला बसण्याची सवय पिढ्यान् पिढ्यांची आहे. दोन भाषा येणाऱ्या मुलाला दोन रीतीही येतील. त्याला काटा जरूर धरता यावा, पण तो धरताना आजीच्या बोटांची लाज वाटू नये. रीत जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलते. शेजारी बसलेल्याला अवघडल्यासारखे होऊ न देणे, एवढे मात्र काट्यालाही लागू आहे आणि बोटांनाही.