जिंझू नदीकांठचा भात

जपानी भाषेंत शिजलेल्या भाताला 'गोहान' म्हणतात, आणि 'जेवण' या अर्थींहि तोच शब्द चालतो. भाताविना जेवण ही कल्पनाच जेथें परकी, त्या देशांत रोजच्या ताटांतील भात घरच्या बायकांचीं हाडें पोखरीत होता, हें ध्यानांत यावयास जवळजवळ अर्धें शतक लागलें. ही हकीकत तोयामा प्रांतांतील जिंझू नदीच्या कांठची आहे.

जिंझू नदी गिफू प्रांताच्या डोंगरांतून उतरते, उत्तरेकडे वाहत तोयामाचें सपाट मैदान ओलांडते आणि तोयामाच्या उपसागरास मिळते. वरच्या अंगास कामिओका येथें फार जुनी खाण होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती मित्सुई घराण्याच्या हातीं आली. चांदी आणि शिसें यांच्या जोडीला विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें जस्त निघूं लागलें, आणि युद्धकाळांत तर त्याची मागणी फारच वाढली. जस्ताच्या खनिजांत कॅडमियम नांवाचा दुसरा एक धातु चोरट्या सोबत्याप्रमाणें दडलेला असतो. १८१७ सालीं स्ट्रोमायर नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तो जस्ताच्याच एका क्षारांत प्रथम ओळखला. खनिज कुटून व धुऊन जो बारीक गाळ उरे, त्याबरोबर तो नदींत जाई; नदींतून पाटांत, आणि पाटांतून भाताच्या खाचरांत.

१९१२ च्या सुमारापासून या खाचरांच्या परिसरांतील गांवांत एक विलक्षण दुखणें दिसूं लागलें. तें बहुधा प्रौढ स्त्रियांना होई. विशेषतः जिचीं बरींच बाळंतपणें झालीं असतील तिला. प्रथम कंबर व मांड्या दुखत; मग चाल बदके चालतात तशी डुलती होई; पुढें साधा खोकला आला तरी बरगडी मोडे. एका रुग्ण स्त्रीच्या शरीरांत ७२ ठिकाणीं हाडें मोडलेलीं आढळलीं, व तिची उंची ३० सेंटिमीटरनें घटली होती. अशा बायका अंथरुणावर पडून 'इताई, इताई' म्हणजे 'दुखतें, दुखतें' असें कण्हत. तेंच कण्हणें १९५५ मध्यें या रोगाचें नांव होऊन बसलें. वैद्यकशास्त्रानें रोगाला रुग्णाच्या आक्रोशाचेंच नांव द्यावें, असे प्रसंग फार थोडे.

नोबोरू हागिनो हे डॉक्टर १९४६ सालीं युद्धावरून परतले आणि त्यांनीं आपला वडिलोपार्जित दवाखाना पुन्हा चालूं केला. दारीं येणाऱ्या या बायकांची संख्या पाहून ते चकित झाले. अतिश्रम आणि निकृष्ट आहार हेंच कारण असावें, असें प्रथम त्यांनाहि वाटलें. परंतु दारिद्र्य तर शेजारच्या नदीकांठींहि होतें. तेथें हा रोग कां नसावा? त्यांनीं नकाशा पसरून रोग्यांच्या घरांवर खुणा केल्या. सर्व खुणा जिंझूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यांत पडल्या. १९५७ सालीं त्यांनीं खाणीच्या विषाकडे उघडपणें बोट दाखविलें. पुढें किनइची योशिओका हे शेतीतज्ज्ञ आणि ओकायामा विद्यापीठांतील जुन कोबायाशी हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. पाणी, माती, तांदूळ आणि मृतांचीं हाडें यांत कॅडमियम सांपडलें, आणि १९६१ सालीं हें मत वैद्यकीय परिषदेपुढें मांडण्यांत आलें.

डॉक्टरांचें स्वागत झालें असेल, असें वाचकांस वाटेल. तसें घडलें नाहीं. ज्या गांवाच्या भातांत विष आहे असें एकदां बोललें गेलें, त्या गांवचा तांदूळ कोण घेणार, आणि त्या गांवांत मुलगी कोण देणार? यामुळें ज्यांच्यासाठीं हा खटाटोप चालला होता, त्यांतलेच कित्येक डॉक्टरांवर रागावले. घरांतली आजारी सून वा सासू पडद्याआड ठेवण्याकडेच कल असे. गांवकरी संघटित झाले ते १९६६ सालीं.

हें विष कार्य कसें करतें, तें थोडक्यांत सांगतां येईल. कॅडमियम शरीरांत शिरलें कीं मूत्रपिंडांत ठाण मांडतें आणि वर्षानुवर्षें, दहा-वीस वर्षेंसुद्धां, हलत नाहीं. तेथील सूक्ष्म नलिका त्यानें बिघडतात. मग शरीरानें राखून ठेवावयाचे स्फुरद व चुना हे क्षार मूत्रावाटे वाहून जातात, आणि हाडें मऊ पडतात.

९ मार्च १९६८ रोजीं रोग्यांनीं व मृतांच्या वारसांनीं तोयामाच्या न्यायालयांत मित्सुईविरुद्ध दावा लावला. दोनच महिन्यांनीं, ८ मे रोजीं, सरकारच्या आरोग्य खात्यानें खाणींतील कॅडमियम हें रोगाचें मूळ असल्याचें मान्य केलें. जपानच्या खाणकायद्यान्वयें नुकसानीची जबाबदारी, चूक सिद्ध न होतांहि, खाणमालकावर येते. म्हणून सारा वाद कार्यकारणाचा राहिला. प्रत्येक कण शरीरांत कोणत्या वाटेनें गेला, हें म्हाताऱ्या शेतकरणींनीं कसें सिद्ध करावें? न्यायालयानें साथीच्या अभ्यासावरून मिळालेला पुरावा पुरेसा मानला. ३० जून १९७१ रोजीं निकाल रोग्यांच्या बाजूनें लागला. कंपनीनें अपील केलें, तेंहि ९ ऑगस्ट १९७२ रोजीं फेटाळलें गेलें. सरकारदरबारीं या रोगाचे म्हणून नोंदले गेलेले लोक सुमारें २०० आहेत.

जमिनीचें काम मात्र निकालानें संपत नाहीं. विषारी माती खालीं गाडून वर स्वच्छ मातीचा थर देण्याचें काम २०१२ पर्यंत चाललें. साडेआठशेंहून अधिक हेक्टर शेतें अशीं सुधारण्यांत आलीं. १९७० सालीं जपाननें दर किलोग्रॅम तांदळांत १ मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा घातली होती. २०११ मध्यें ती ०.४ वर आणली. मधल्या काळांत या दोन आंकड्यांमधला तांदूळ सरकार स्वतः विकत घेई व तो लोकांच्या पोटांत न जातां खळीसारख्या कामाला लागे. शहरांतला गिऱ्हाईक दहा ठिकाणचा तांदूळ खातो, त्यामुळें विष विभागलें जातें. शेतकरीण मात्र जन्मभर एकाच खाचराचा भात खाते, हें येथें विसरतां कामा नये.

भाताच्या शेतांत आणखी एक पेंच आहे. खाचरांत पाणी तुंबलेलें असलें कीं कॅडमियम मातींत जखडून राहतें. पण त्याच वेळीं सोमल, म्हणजे आर्सेनिक, मोकळा होऊन दाण्यांत चढतो. पाणी काढून टाकलें तर सोमल कमी होतो, आणि कॅडमियम वाढतें. बंगालमध्यें कूपनलिकांच्या पाण्यानें जो सोमल शेतांत आला, त्याची गोष्ट याच्या अगदीं उलट बाजूची. सोमलावर स्वयंपाकघरांत थोडाफार इलाज होतो: भरपूर पाण्यांत शिजवून वरचें पाणी ओतून दिलें, तर त्याचा बराच भाग निघून जातो, अर्थात् त्यासाठीं तें पाणीहि निर्मळ असावें लागतें. कोकणांतल्या बायका भात वेळतात तो काहीं या हेतूनें नव्हे, आणि वेळलेली पेज तर त्या पिऊनहि टाकतात! कॅडमियम मात्र धुण्या-वेळण्यानें फारसें जात नाहीं. त्याला वर डोंगरांतच अडवावें लागतें.

१९७२ च्या निकालानंतर गांवकऱ्यांनीं कंपनीकडून भरपाईबरोबर एक करार लिहून घेतला: वाटेल तेव्हां तज्ज्ञांसह कारखान्यांत शिरून तपासणी करावी, खर्च कंपनीनें द्यावा. खाणींतलें खोदकाम २००१ मध्यें थांबलें. धातु शुद्ध करण्याचा कारखाना चालूं राहिला, आणि वर्षाकांठीं नदीच्या वरच्या अंगास जाऊन नळ, बांध व गाळाचे ढीग पाहून येण्याचा प्रघात त्या गांवांनीं सोडला नाहीं.